ट्रकवाहतूक : उद्याचा रस्ता कोणाचा?

देशातील एकूण मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के वाहतूक आज रस्त्यावरून होते. शेतातला कांदा बाजार समितीत, बंदरातला कंटेनर कारखान्यात आणि औषधांची खोकी तालुक्याच्या दुकानात पोहोचविण्याचे काम अखेर ट्रकच करतो. या व्यवसायाच्या भवितव्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा यंत्राभोवती फिरते. विजेवरचा ट्रक कधी परवडणार, हायड्रोजनचे इंधन कितपत व्यवहार्य ठरणार, चालकाविना धावणारी गाडी भारतीय रस्त्यांवर दिसणार का, असे प्रश्न विचारले जातात. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधी विचारावयाचा प्रश्न मालकीचा आणि माणसाचा आहे. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश ट्रक हे पाचापेक्षा कमी गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. त्यातले कित्येक मालक स्वतःच चालक असतात. नवे इंधन, नवा कायदा आणि नवा रस्ता या सर्वांचा भार शेवटी याच माणसाच्या खिशावर आणि झोपेवर येऊन पडतो. येत्या दोन दशकांत हा माणूस टिकतो की हटतो, यावर या व्यवसायाचे उद्याचे रूप अवलंबून राहील.

रेल्वेकडून रस्त्याकडे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्र नेमके उलटे होते. मालवाहतुकीचा चार पंचमांशाहून अधिक हिस्सा रेल्वेकडे होता आणि ट्रक हे स्थानकापासून गोदामापर्यंतचे पूरक साधन मानले जात होते. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीतील डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली. पुढे पुण्याच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातही हा उद्योग फोफावला. दरम्यान, प्रवासी गाड्यांना द्यावे लागणारे प्राधान्य, कोळसा-खनिजांच्या वाहतुकीत गुंतलेले वाघिणींचे ताफे आणि प्रवासी भाडे कमी ठेवण्यासाठी चढे ठेवलेले मालभाडे यांमुळे रेल्वे छोट्या व्यापाऱ्याच्या हातून निसटत गेली. दहा-वीस पोत्यांचा माल घेऊन थेट दारात उभा राहणारा ट्रक त्याला अधिक सोयीचा वाटू लागला.

नव्या शतकात रस्त्यांनी या बदलाला वेग दिला. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा ५ हजार ८४६ किलोमीटर लांबीचा सुवर्ण चतुष्कोन आखला गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. नागपूर-मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. शहरांतर्गत वितरणाचे गणितही याच काळात बदलले. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. मोठा ट्रक शहराबाहेरच्या गोदामापर्यंत आणि तेथून पुढे छोटा टेम्पो, अशी विभागणी त्यानंतर रूढ झाली.

एका गाडीचा संसार

रस्ते वाढले तरी व्यवसायाची रचना मात्र फारशी बदलली नाही. कारखानदार आपले काम एखाद्या मोठ्या वाहतूक कंपनीला देतो. ती कंपनी हुंडेकऱ्याला किंवा दलालाला सांगते आणि दलाल वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीमालकाशी भाडे ठरवितो. प्रत्येक पायरीवर काही रक्कम कापली जाते आणि उरलेल्या भाड्यातून मालकाला गाडी चालवावी लागते. या भाड्यातील निम्म्याच्या आसपास रक्कम एकट्या डिझेलवर खर्च होते. त्यानंतर टोल, टायर, विमा, चालकाचा पगार व भत्ता, दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी, पण कधीही न चुकणारा कर्जाचा हप्ता.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. मोठ्या कंपन्यांच्या करारात इंधनदराप्रमाणे भाडे वाढविण्याचे कलम असते. दलालामार्फत एकेक खेप घेणाऱ्या मालकाला असे कोणतेही संरक्षण नसते. केलेल्या कामाचे पैसेही त्याला हाती लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने थांबणे ही नित्याची बाब आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. मात्र त्याचा आधार घेण्यासाठी नोंदणी हवी आणि ग्राहकाशी वाद घालण्याची ऐपतही हवी. पुढची खेप त्याच दलालाकडून मिळणार असते, तेव्हा कायद्याचे पुस्तक उघडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

परतीचे भाडे ही दुसरी विवंचना. मुंबईहून माल घेऊन गेलेली गाडी परत येताना रिकामी आली, तर जाण्याच्या भाड्यात झालेला नफा येण्याच्या डिझेलमध्ये जळून जातो. म्हणूनच परगावच्या वाहनतळावर दोन-दोन दिवस भाड्याची वाट पाहत गाड्या उभ्या राहतात आणि अखेर मिळेल त्या दरात माल भरला जातो. या तोट्याची भरपाई अनेकदा जादा वजन भरून केली जाते. त्यात रस्ता खचतो, टायर फुटतात आणि प्राणही धोक्यात येतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भारमर्यादाच वाढविली. दोन आसांच्या ट्रकचे कमाल एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. मालकांना हा दिलासा वाटला. परंतु देशभरातील ट्रकांची क्षमता अशी एका रात्रीत वाढल्याने तेवढ्याच मालासाठी कमी गाड्या पुरू लागल्या आणि भाड्यावर दबाव आला. २०१९-२० मध्ये अवजड ट्रकांची विक्री घसरली, त्यामागे मंदीबरोबरच हेही एक कारण होते. छोट्या मालकाच्या हिताचा दिसणारा निर्णय त्याच्याच अंगावर कसा उलटू शकतो, याचे हे ठळक उदाहरण ठरते.

नाके गेले, रांग राहिली

मुंबईच्या वेशीवर मुलुंड, दहिसर, ऐरोली आणि वाशी येथील जकात नाक्यांवर लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा एके काळी शहराच्या ओळखीचाच भाग बनल्या होत्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईतील जकात इतिहासजमा झाली. राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासणी नाकेही त्यापाठोपाठ बंद झाले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग बंधनकारक ठरला आणि टोल नाक्यावरचा थांबा आखडला.

या सुधारणांचा गोदामांच्या नकाशावरही परिणाम झाला. पूर्वी आंतरराज्य विक्रीवरील कर वाचविण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान गोदाम ठेवीत असत. नव्या करपद्धतीत ती गरज उरली नाही. त्यामुळे भिवंडीसारख्या ठिकाणी प्रचंड आकाराची मध्यवर्ती गोदामे उभी राहिली. मोठ्या गोदामांना मोठे ट्रक लागतात, त्यांना वेळेची हमी हवी असते आणि गाडी कोठे आहे याची क्षणोक्षणीची खबरही हवी असते. या तिन्ही अटी मोठ्या ताफ्याच्या कंपनीला सहज पूर्ण करता येतात. एका गाडीच्या मालकाला त्या जड जातात.

रस्त्यावरचा खोळंबा कमी झाला असला तरी फाटकाशी होणारा खोळंबा कायम आहे. कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा बंदराच्या दारात गाडी भरण्यासाठी व खाली करण्यासाठी तासन्‌तास, प्रसंगी दोन-दोन दिवस थांबावे लागते. नव्या महामार्गाने वाचविलेले चार तास येथे वाया जातात. या थांबण्याचे शुल्क करारात लिहिलेले असले तरी छोट्या मालकाला ते क्वचितच मिळते. त्यातच हमाली, तोलाई आणि ‘वाराई’ या नावांनी होणारी वसुली अनेक ठिकाणी चालकाच्याच माथी मारली जाते. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मालवाहतूकदारांच्या संघटनांची जुनी मागणी याच अनुभवातून जन्मली आहे.

भाडे शोधण्याच्या पद्धतीतही बदल होत आहे. मोबाईलवर भाडे दाखविणाऱ्या कंपन्यांनी दलालाची जागा घेण्यास सुरुवात केली. त्यांपैकी ‘ब्लॅकबक’ या नावाने परिचित असलेल्या कंपनीच्या समभागांची नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदणीही झाली. रिकाम्या गाडीला परतीचा माल लवकर मिळणे हा यातील खरा लाभ आहे. मात्र दलालाशी निदान तोंडओळख असते आणि अडचणीत तो उचलही देतो. मोबाईलच्या पडद्यावर सर्वांत कमी दर सांगणाऱ्यालाच काम मिळते. माहिती खुली झाली म्हणजे घासाघीस संपतेच असे नाही. कधी कधी ती अधिक तीव्र होते.

इंधनाचे संक्रमण

देशातील एकूण वाहनांत ट्रकांचा वाटा अवघा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु रस्ते वाहतुकीतून होणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांच्या प्रदूषणात त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. देशातील ट्रकांची संख्या २०५० पर्यंत चाळीस लाखांवरून सुमारे १ कोटी ७० लाखांवर जाईल, असा अंदाजही त्यात वर्तविला आहे. इंधन बदलणे त्यामुळे अटळ ठरते. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज सहा मानक लागू झाले. ट्रकांच्या धुरातील नायट्रोजनची घातक संयुगे कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण भरावे लागू लागले. इंजिन स्वच्छ झाले, पण महागही झाले आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या आवाक्याबाहेर गेले. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर दिल्लीत, दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या आणि भारत स्टेज चारपेक्षाही जुन्या मालवाहू गाड्यांना प्रवेशबंदी लागू झाली.

विजेवरच्या ट्रकला उत्तेजन देण्यासाठी केंद्राने ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार एका ट्रकला कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे अनुदान मिळू शकते. या योजनेत सुमारे ५ हजार ६०० ट्रकांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट आहे आणि जुनी गाडी मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक आहे. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणारे अवजड विद्युत ट्रक २०२५ मध्ये वापरात आले. हायड्रोजनवर धावणाऱ्या १६ ट्रकांच्या चाचण्या टाटा मोटर्सने मार्च २०२५ मध्ये सुरू केल्या. मुंबई, पुणे, दिल्ली परिसर, सुरत, वडोदरा आणि जमशेदपूर यांसारखे औद्योगिक मार्ग त्यासाठी निवडण्यात आले. द्रवरूप नैसर्गिक वायूची ५० केंद्रे उभारण्याची योजना नोव्हेंबर २०२० मध्येच मांडण्यात आली होती.

या सर्व पर्यायांत विजेचा पर्याय जवळच्या, ठरलेल्या आणि रोजच्या मार्गावर प्रथम स्थिरावेल, अशी चिन्हे आहेत. बंदर ते गोदाम, खाण ते कारखाना, सिमेंटचा कारखाना ते रेल्वे धक्का अशा फेऱ्यांत अंतर माहीत असते, गाडी रोज त्याच जागी परतते आणि तिथे चार्जिंगची सोय करता येते. चालविण्याचा दर किलोमीटर खर्चही डिझेलपेक्षा कमी येतो. अडचण खरेदीच्या किमतीची आहे. अवजड विद्युत ट्रक त्याच क्षमतेच्या डिझेल ट्रकच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो. शिवाय बॅटरीचे वजन काही टनांचे असल्याने तेवढा माल कमी भरावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याचा लाभ डिझेलच्या गाडीलाही मिळाला. विद्युत वाहनावरील कर आधीपासूनच पाच टक्के होता.

किमतीपेक्षाही मोठा अडसर जुन्या गाडीच्या बाजाराचा आहे. छोटा मालक सहसा नवा ट्रक घेत नाही. मोठ्या कंपनीने पाच-सात वर्षे वापरून विकलेली गाडी तो घेतो, आणखी दहा वर्षे चालवितो आणि तिच्याच तारणावर पुढची गाडी घेतो. क्लीनर म्हणून आलेला मुलगा चालक होतो आणि चालकाचा मालक होतो, तो याच शिडीने. पाच वर्षे वापरलेल्या विद्युत ट्रकची किंमत काय धरावी, त्याची बॅटरी किती टिकेल आणि ती बदलण्याचा खर्च कोण सोसेल, याचा भरवसा अद्याप कर्ज देणाऱ्या संस्थांना नाही. हा भरवसा निर्माण झाला नाही, तर विजेचे ट्रक मोठ्या ताफ्यांपुरते राहतील आणि छोटा मालक जुन्या डिझेलच्या गाड्यांवर रेंगाळत, एकेका शहराच्या प्रवेशबंदीने कडेला ढकलला जाईल.

रेल्वेचे पुनरागमन

दुसरीकडे, रस्त्याकडे गेलेला माल परत मिळविण्यासाठी रेल्वेनेही कंबर कसली आहे. मालवाहतुकीतील आपला वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेत ठेवण्यात आले. केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या मार्गांपैकी लुधियाना ते सोननगर हा १ हजार ३३७ किलोमीटरचा पूर्व मार्ग २०२३ मध्ये पूर्ण झाला. उत्तर प्रदेशातील दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा पश्चिम मार्ग १ हजार ५०६ किलोमीटरचा आहे. त्यातील वैतरणा ते बंदर हा १०२ किलोमीटरचा टप्पा, म्हणजे महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग, सर्वांत शेवटी राहिला. या मार्गावर कंटेनरवर कंटेनर चढवून दुमजली गाड्या धावतात. पालघर जिल्ह्यातील नियोजित वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, तेही या मार्गाशी जोडण्याची कल्पना आहे.

ट्रक आणि रेल्वे हे केवळ प्रतिस्पर्धीच आहेत असे मानण्याचे मात्र कारण नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णा या दरम्यान ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक सरळ रेल्वेच्या सपाट डब्यावर चढवायचा, चालकाने गाडीतच विसावायचे आणि घाटांची वळणे टाळून पलीकडे उतरायचे, अशी ही योजना. पुढे ती कर्नाटकातील सुरतकलपर्यंत वाढविण्यात आली. इंधन, टायर आणि गाडीची झीज तर वाचतेच, शिवाय चालकाला रात्रीची झोप मिळते. पश्चिम मालमार्गावर गुजरातमधील पालनपूर आणि हरियाणातील रेवाडी यांच्या दरम्यान दुधाचे टँकर अशाच रीतीने नेले जातात. लांब पल्ल्याचा मधला टप्पा रेल्वेने आणि दोन्ही टोके ट्रकने, ही विभागणी वाढत गेली तर ट्रकचे काम संपणार नाही. त्याचा पल्ला आखूड होईल. आठ-दहा दिवस घराबाहेर राहणाऱ्या चालकाच्या दृष्टीने ही वाईट बातमी नाही.

चालकाचे तास

भवितव्याच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते चालकाबद्दल. मोटर परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो कायदा लागू होता. बहुसंख्य गाड्या छोट्या मालकांच्या असल्याने ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती, तेच चालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने या कायद्याची जागा घेतली. नव्या संहितेत मोटर परिवहन आस्थापनेसाठी ही संख्या दहा कामगारांची आहे. दार आणखी अरुंद झाले, असाच याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथील विरोधाभास डोळ्यांत भरणारा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पाठीवरून पोती वाहणाऱ्या हमालाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि ठरलेली मजुरी मिळाली. हमालाचेही ठरावीक मालक नव्हते, त्याचे कामही विखुरलेले होते. तरीही संरक्षणाचा मार्ग शोधता आला. तीच पोती शेकडो किलोमीटर वाहून आणणाऱ्या चालकासाठी अशी व्यवस्था उभी राहिली नाही.

या असुरक्षिततेचा उद्रेक जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशाने पाहिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात कोणाचा मृत्यू घडवून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. मृतांच्या कुटुंबीयांच्या बाजूने पाहता तिची निकड समजण्यासारखी होती. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले होते. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर तुरुंग, अशी चालकांची भीतीही खोटी नव्हती. चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला चर्चा करावी लागली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे उपकलम वगळून आली. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये ई-चलनच्या प्रश्नावर मालवाहतूकदारांनी पुन्हा बंद पुकारला.

काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. पूर्वी कंपनीकडून अनेकदा नुसती चासी यायची आणि केबिन स्थानिक कारागीर लाकूड-पत्र्यात बांधून देत. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाच्या उष्णतेशेजारी बसून विदर्भातून गाडी हाकणे म्हणजे काय, हे त्या केबिनमध्ये बसलेल्यालाच ठाऊक. ‘रिव्हिगो’ या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने याहून मूलभूत प्रयोग केला. एका चालकाने चार-पाच तास गाडी न्यायची, ठरलेल्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचे. जुन्या टपाल-सांडणीस्वारांच्या पद्धतीशी नाते सांगणाऱ्या या योजनेत गाडी थांबत नव्हती आणि माणूस थकत नव्हता. मात्र ती आर्थिकदृष्ट्या तगली नाही. कंपनीचा द्रुत मालवाहतुकीचा व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्र लॉजिस्टिक्सने २२५ कोटी रुपयांना विकत घेतला. चालकाला घरी झोपू देण्याची किंमत भाड्यात मिळविण्याइतका ग्राहक तयार नव्हता, हाही या प्रयोगाचा एक निष्कर्ष मानावा लागेल.

चालकाविना ट्रक?

अमेरिकेत टेक्सास राज्यातील डॅलस ते ह्यूस्टन या महामार्गावर ‘अरोरा’ या कंपनीने २०२५ च्या वसंतात चालकरहित ट्रकची व्यावसायिक सेवा सुरू केली. काही आठवड्यांतच ट्रकनिर्मात्या कंपनीच्या विनंतीवरून पुढच्या आसनावर निरीक्षक बसविण्यात आला. सरळ, रुंद, फाटकबंद रस्ता आणि अनुकूल हवामान अशा परिस्थितीतही हे तंत्र सावध पावले टाकत आहे. भारतीय महामार्गावर उलट दिशेने येणारी दुचाकी, बैलगाडी, रस्त्यात पसरलेले धान्य आणि अचानक आलेले वळण हे सारे यंत्राला शिकविणे सोपे नाही. शिवाय येथे चालकाची मजुरी कमी आहे. त्यामुळे त्याला हटवून वाचणारा पैसाही कमी. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी रोजगाराचे कारण देत चालकरहित वाहनांना विरोध असल्याचे वारंवार सांगितले आहे. नजीकच्या काळात चालकाची जागा यंत्र घेण्यापेक्षा, डुलकी लागत असल्याचे ओळखणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रे त्याच्या मदतीला येण्याची शक्यता अधिक आहे. भारतासमोरची अडचण चालक नकोसा होण्याची नसून चालक मिळेनासा होण्याची आहे. चालकाच्या मुलाला स्टिअरिंग हाती घ्यावेसे वाटत नाही, ही तक्रार मालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते.

एकट्याचे बळ, संघटितांचे बळ

छोट्या मालकाला टिकण्याचा एक मार्ग हिमाचल प्रदेशात दिसतो. बिलासपूर आणि दारलाघाट येथील सिमेंट कारखान्यांचा माल वाहण्यासाठी गाडीमालकांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पाळी संस्था ठरविते, दराची बोलणीही संस्थाच करते. डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने वाहतुकीचे दर परवडत नसल्याचे सांगून बरमाणा आणि दारलाघाट येथील दोन्ही कारखाने बंद केले. दोन महिन्यांहून अधिक काळ गाड्या उभ्या राहिल्या. अखेर राज्य सरकारच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड होऊन पूर्वीपेक्षा कमी दर ठरले. मालकांना माघार घ्यावी लागली; परंतु त्यांच्याशी बोलल्याशिवाय कारखाने सुरू होऊ शकले नाहीत, हेही तितकेच खरे. दुसऱ्या बाजूने, अशा संस्था बाहेरच्या गाडीला माल भरू देत नाहीत आणि दर फुगवितात, हा उद्योगांचा आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही.

साखर आणि दूध या क्षेत्रांत सहकाराचा दीर्घ अनुभव असलेल्या महाराष्ट्रात ट्रकमालकांच्या सहकाराचा विचार नव्याने होण्यास वाव आहे. पन्नास मालकांच्या संस्थेला विद्युत ट्रक आणि चार्जिंग केंद्र यांचा खर्च वाटून घेता येईल; कर्जासाठी सामुदायिक हमी देता येईल; परतीच्या भाड्यासाठी दलालाकडे न जाता थेट कारखान्याशी करार करता येईल आणि चालकांची अदलाबदल करून त्यांना घरी पाठविता येईल. त्याला सरकारने तीन गोष्टींची जोड देणे आवश्यक आहे. वापरलेल्या विद्युत ट्रकच्या कर्जाला हमी हवी, फाटकावरच्या खोळंब्याचे शुल्क सक्तीने मिळवून देणारी व्यवस्था हवी आणि माथाडी मंडळाच्या धर्तीवर, गाडी एक असो वा शंभर, प्रत्येक चालकाची नोंद घेणारे मंडळ हवे.

देशाचा मालवाहतूक व साठवणुकीवरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३-१४ टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात तो आठ टक्क्यांच्या आसपास असल्याचे आढळले. याचा एक अर्थ असा की भारतीय ट्रकवाहतूक समजली जात होती तितकी खर्चिक नाही. ती स्वस्त कशामुळे आहे, हेही मग पाहावे लागते. न मिळालेले खोळंब्याचे पैसे, थकलेली बिले, सोळा-सोळा तासांचे चालन आणि केबिनमधली अपुरी झोप या सर्वांनी मिळून ती स्वस्त ठेवली आहे. यंत्रे बदलतील, इंधने बदलतील, रस्ते आणखी रुंद होतील. तो खर्च आतापर्यंत ज्याने मुकाट्याने सोसला, त्याच्याच माथ्यावर नव्या यंत्रांचा हप्ताही टाकला, तर उद्याच्या रस्त्यावर गाड्या पुष्कळ असतील. त्यांच्यावर मालक म्हणून त्याचे नाव मात्र नसेल.